गुणकाचा तक्ता कोर्टाच्या भिंतीवर लावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय लोकअदालतीत मोटार अपघाताचे इतके दावे मिटले, इतक्या कोटींची भरपाई मिळाली, अशी बातमी आपल्याकडे दरवेळी छापून येते. पण तडजोडीवर सही करणाऱ्या बाईला आपला हक्क किती रुपयांचा आहे हे ठाऊक होते का, हे त्या बातमीत नसते. मला ठाऊक नव्हते. म्हणून हे पत्र.

माझे मिस्टर सुतारकाम करायचे. 2019 च्या पावसाळ्यात कामावरून परतताना मागून आलेल्या डंपरने त्यांना उडवले. वय 34. मागे सासूबाई, दोन मुली आणि मी. लोकअदालतीच्या दिवशी विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने अकरा लाख सांगितले. "वहिनी, आज सही करा, महिन्यात चेक. लढत बसलात तर वर्षं जातील." पेन माझ्या हातात आले होते. सासूबाईंच्या अंगठ्यासाठी शाईचे पॅडही उघडून ठेवले होते.

आमच्या वकीलबाईंनी पॅड मिटले आणि डायरीतून एक झेरॉक्स काढली. घड्या पडून मधोमध फाटायला आलेली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालातला गुणकाचा तक्ता होता तो. गुणक म्हणजे भरपाई काढायला वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो आकडा. मृताचे वय 15 ते 25 असेल तर गुणक 18, 26 ते 30 ला 17, 31 ते 35 ला 16, असा उतरत 66 ते 70 ला 5. आमच्या ओळीखाली त्यांनी निळ्या पेनाने रेघ मारली. म्हणाल्या, "ताई, हे रुलिंग आहे. मला लागू, कंपनीला लागू आणि वर बसलेल्या साहेबांनाही लागू."

हिशेब माझ्या आठवीतल्या मुलीने बाहेर कडुनिंबाच्या पारावर बसून केला. महिन्याची कमाई 12,000. वय चाळिशीच्या आत आणि कायम नोकरी नाही, म्हणून पुढे वाढली असती त्या कमाईचे 40 टक्के मिळवायचे : 16,800. घरात अवलंबून चारजण, म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चापोटी कमाईचा चौथा हिस्सा वजा : 12,600. गुणिले 12, गुणिले 16. चोवीस लाख एकोणीस हजार दोनशे. अंत्यविधी वगैरेची ठरलेली रक्कम वेगळी. तिने दोनदा ताळा केला आणि वही माझ्यापुढे धरली. मी सही केली नाही.

तीन वर्षांनी निवाडा लागला. ज्या फर्निचरवाल्याकडे ते काम करायचे, त्याने हजेरीची डायरी घेऊन साक्ष दिली आणि 12,000 ची कमाई मान्य झाली. पुढचा आकडा वहीतलाच निघाला, वर व्याज.

याचे मोल मला जास्त वाटते, कारण याच्या उलट आमच्या घराने पाहिले आहे. 1996 साली माझे चुलते आणि त्यांचे सोबती एकाच जीपच्या अपघातात गेले. दोघेही तिशीतले, मार्केट यार्डात एकाच मुकादमाच्या हाताखाली हमाली करणारे. काकूने दावा आपल्या जिल्ह्यात लावला, सोबत्यांच्या बायकोने तिच्या माहेरच्या. काकूला पावणेदोन लाख मिळाले, त्यांना साडेतीन. गुणकाची पद्धत तेव्हाही होती, पण कोणता गुणक धरायचा यात कोर्टाकोर्टांत मेळ नव्हता. कायद्यात तर 'न्याय्य' भरपाई द्यावी असे लिहिले आहे. माझ्या नवऱ्याचा जीव निम्म्या किमतीचा कसा ठरला, हे काकू मरेपर्यंत विचारत राहिली. तिला कोणी उत्तर देऊ शकले नाही. सरला वर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच मेळ नसल्याचा दोष दाखवला आणि तक्ता घालून दिला.

पायंडा मोडला की काय होते, तेही वकीलबाईंकडून कळले. एप्रिल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन-तीन न्यायमूर्तींच्या दोन पीठांनी दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल दिले. सुतार, टेलर, टपरीवाला अशा स्वतःचा धंदा करणाऱ्यांची पुढची वाढ सहसा धरायची नाही, असे पहिल्याने म्हटले. दुसऱ्याने धरायची म्हटले, आणि पहिल्या निकालाची दखलच घेतली नाही. मग ज्याच्या वकिलाला जो निकाल सोयीचा, तो त्याने पुढे करावा. हा घोळ 31 ऑक्टोबर 2017 ला प्रणय सेठी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मिटवला. आमच्या हिशेबातले 40 टक्के तिथून आले. घटनेच्या 141 व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला कायदा देशभरच्या न्यायालयांवर बंधनकारक आहे, म्हणूनच आमच्यासारख्या कुटुंबाला दिल्लीला जावे लागले नाही.

प्रत्येक माणसाचे दुःख वेगळे, त्याला एक फूटपट्टी कशी लावता, असे माझा भाऊच मला म्हणाला. वेगळेपण मांडायला जागा आहे की! कमाई किती, घरात कोण कोण, हे पुराव्याने ठरते. न्यायाधीशांना वेगळे वाटले तर तसे का वाटले, ते निवाड्यात लिहावे लागते आणि वरच्या कोर्टात तपासून घेता येते. काकूच्या वेळी तपासायला काही हाताशी नव्हते. घर सांभाळणाऱ्या बाईसाठीही आता निकाल आहेत. तिच्या कामाचे पैशांत मोल धरावे, हे 2001 च्या लता वाधवा निकालापासून चालत आले, आणि 2021 मध्ये तिच्या बाबतीतही पुढची वाढ धरायला हवी असे ठरले. 'ती काही कमवत नव्हती' असे आता कोणी म्हटले, तर त्यावर दाखवायला कागद आहे.

हा कागद वकिलाच्या डायरीत राहू नये. प्रत्येक मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या दाराशी आणि लोकअदालतीच्या प्रत्येक टेबलावर गुणकाचा तक्ता, वाढीचे टक्के आणि वजावटीचा हिस्सा मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावा. सोबत एक सोडवलेले उदाहरण असावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांना हे सहज जमेल. तडजोडीला माझा विरोध नाही. पैशांची निकड असेल तर बाई कमी रकमेवर सही करीलही, पण किती सोडतेय ते तिला आधी कळू दे.

पुढच्या लोकअदालतीआधी हे व्हावे, एवढी विनंती आपण छापावी.

आपली,
एक अर्जदार महिला
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)