विषय: बास गिटारच्या पिकअपची जोडी म्हणून एकाच बाजूचे दोन नग पाठवल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या माणसानं मला तिसऱ्यांदा सांगितलं, "सर, घरचं अर्थिंग तपासून घ्या," आणि फोन ठेवला. आता फोन करणार नाही. जे आहे ते लेखी देतो, म्हणजे उद्या कुणाला "आमच्याकडे नोंद नाही" म्हणता येणार नाही.

बास गिटार तुमच्या कंपनीचा. चार तारा, दोन सिंगल कॉइल पिकअप (पिकअप म्हणजे तारेचा कंप पकडणारं चुंबक आणि त्याभोवतीचे तांब्याचे वेढे), बिल ३४,५०० रुपयांचं. वॉरंटी अजून संपलेली नाही. या जातीच्या बासला एकच पिकअप उघडा ठेवला तर हम, म्हणजे सलग घूं असा आवाज, येणार, हे मला माहीत आहे. सिंगल कॉइल ५० हर्ट्झच्या लाइनची घरघर पकडणारच, त्याबद्दल मी कधीही तक्रार केलेली नाही. पण दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की हम बसला पाहिजे. त्यासाठीच दोनपैकी एका पिकअपचे वेढे उलटे घेतात आणि त्याचं चुंबकही उलटं बसवतात. तारेचा आवाज दोन्हीकडून मिळून येतो, हम मात्र एकमेकांना कापतो. १९६० साली फेंडरचा जॅझ बास आला तेव्हापासून दोन सिंगल कॉइलची ही मांडणी जगभर चालते आहे. तुमच्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक असणार. हेल्पलाइनवर एकालाही ठाऊक नाही.

माझ्या बासचा हम दोन्ही पिकअप उघडूनही जात नव्हता. पहिल्या दिवसापासून.

नाट्यगृहातला एक कार्यक्रम सांगतो. संथ गाणं होतं, सुरुवातीला सगळी वाद्यं थांबतात आणि गायिका एकटी आलाप घेते. मी तारांवर तळहात ठेवून उभा होतो, तरी स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज सभागृहभर भरून राहिला होता. पुढच्या रांगेतली माणसं स्पीकरकडे बघायला लागली. साउंडवाल्यानं मिक्सरवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझा फेडर खाली ओढला. तो पुढे वर गेलाच नाही. दोन कडवी मी वाजवत होतो आणि ऐकू काहीच जात नव्हतं. पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात बास वाजवतोय, असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

तुमच्याकडे तक्रार केली तर उत्तर आलं, अर्थिंग बघा. बघितलं. माझा धंदा शिवाजी उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचा आहे, अर्थिंग मी रोज बघतो. दुकानात न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड व्होल्टसुद्धा मिळत नाही. हाच बास मंगळवार पेठेत घरी लावला, राजारामपुरीत प्रॅक्टिसच्या खोलीत लावला, नाट्यगृहात लावला. सगळीकडे तोच हम. मित्राचा त्याच मांडणीचा जुना बास त्याच केबलनं, त्याच अँपला लावला, दोन्ही पिकअप उघडले, तर हम लगेच बसला. तारांना हात लावला की माझ्या बासची किरकिर कमी होते, म्हणजे ब्रिजला (तारा खाली अडकवतात त्या पट्टीला) जाणारी ग्राउंडची वायरही ठीक आहे. हे सगळं मी तुम्हाला ईमेलनं कळवलं, मोजमापांसकट. त्यावर उत्तर काय, तर अर्थिंग बघा.

शेवटी दोन महिन्यांनी तुम्ही पिकअपची बदली जोडी पाठवायला तयार झालात. कोल्हापुरात तुमचं सर्व्हिस सेंटर नाही, म्हणून "लोकल टेक्निशियनकडून बसवून घ्या" असं तुमच्याच ईमेलमध्ये लिहिलेलं आहे. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, पुढे त्याचाच संबंध येतो.

खोका आला. आतल्या कागदावर छापलंय, एक नेक (गळ्याकडचा), एक ब्रिज (ब्रिजकडचा). मी दोन्ही बाकावर शेजारी शेजारी ठेवले आणि तिथेच कळलं. दोन्ही एकाच लांबीचे. ब्रिजचा पिकअप जरा लांब असतो, हे तुम्हाला सांगायला नको. यातला एक ब्रिजच्या खाचेत ठेवून बघितला तर टोकाला दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली, त्यातून आतलं काळं रंगवलेलं लाकूड दिसतं. मग मुलाच्या कंपासपेटीतलं छोटं होकायंत्र घेतलं आणि पिकअपमधल्या चुंबकाच्या एकेका खुंटीवरून फिरवलं. पहिल्या पिकअपच्या आठही खुंट्यांवर सुईचं लाल टोक ओढलं गेलं. दुसऱ्याच्या आठही खुंट्यांवर तेच लाल टोक. मीटरवर एक ७.३ किलोओहम, दुसरा ७.४. पिकअप चांगले आहेत, वाइंडिंगला नाव ठेवणार नाही. पण ते दोन्ही नेकचे आहेत! ती जोडी नव्हेच. अशा दोघांचा हम एकमेकांना कापणार कसा? मूळ बासमध्येही हीच चूक होती, ती जुने पिकअप काढल्यावर त्याच होकायंत्रावर दिसली. म्हणजे एकच चूक तुम्ही दोनदा केलीत आणि दोन्ही वेळा खापर माझ्या घरच्या अर्थिंगवर फोडलंत.

हे कळवल्यावर तुमच्या तांत्रिक विभागातल्या एकानं सांगितलं की एका पिकअपच्या दोन वायरी उलट्या जोडा, हम जाईल. मी जोडून बघितल्या. हम गेला, पण आवाजही गेला. चुंबकं एकाच दिशेची असताना नुसत्या वायरी उलटवल्या तर तारेचा आवाजसुद्धा एकमेकांना कापतो. खालची ई तार छेडली तर पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. बासमधला खर्जच निघून गेला तर त्याला बास कशाला म्हणायचं? हा सल्ला देणाऱ्यानं बास हातात तरी घेतला होता का, एवढंच मला विचारायचं आहे.

आता गेल्या आठवड्यातल्या फोनबद्दल. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

पस्तीस मिनिटं मी लाइनवर होतो. दुकानात एका मोटारीला वार्निश लावून ती सुकायला ठेवली होती, फोन खांद्यात दाबून दुसरीचं वाइंडिंग उकलत होतो. मग एक वरिष्ठ आले. मी होकायंत्राचं सांगितलं, लांबीचं सांगितलं, मीटरचं सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, "सर, तुम्ही काय करता?" मी म्हटलं, मोटार रिवाइंडिंग. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "मग सर, पंपाची मोटार आणि म्युझिकल इन्स्ट्रुमेंट यात फरक असतो ना. पिकअप फार नाजूक गोष्ट आहे. तुम्ही स्वतः उघडलंय म्हणजे वॉरंटी गेली." मी म्हटलं, लोकल टेक्निशियनकडून बसवून घ्या असं तुम्हीच लिहिलंय. ते म्हणाले, "टेक्निशियन म्हणजे म्युझिकचा टेक्निशियन, सर. मोटारवाला नाही." मी म्हटलं, तुमची जोडीच चुकीची आहे त्याचं काय? त्यावर ते म्हणाले, "कोल्हापुरात बास वाजवणारे असे किती असतील, सर? आम्हाला दुसरीकडून एकही तक्रार नाही."

दुकानात माझे दोन कारागीर होते. फोन स्पीकरवर होता. दोघांनी ऐकलं.

साहेब, कॉइल म्हणजे कॉइल. मी बावीस वर्षं तांब्याचे वेढे मोजतोय. तुमच्या पिकअपमध्ये ४२ गेजची तार असते, केसापेक्षा बारीक, आणि हजारो वेढे. ते नाजूक काम आहे हे मला तुमच्या वरिष्ठांपेक्षा जास्त कळतं, कारण तसली तार हातात तुटते तेव्हा काय होतं ते मी रोज बघतो. वेढ्याची दिशा चुकली तर मोटार उलटी फिरते आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं. त्याला मी "तुमचं अर्थिंग बघा" सांगत नाही. मोटार उघडतो आणि दुरुस्त करून देतो. ठरवलं तर तुमच्या एका पिकअपच्या खुंट्या मोठं चुंबक लावून उलट्या चुंबकित करीन, वायरी फिरवीन आणि जोडी जमवीन. तासाभराचं काम आहे. पण नव्या मालाचे पूर्ण पैसे मोजून ते मी का करायचं? आणि केलं तर वॉरंटी गेली म्हणून पुन्हा तुम्हीच हात झटकणार.

मला सगळ्यात जास्त वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. आमच्या ग्रुपमधल्या दोन पोरांना तुमचाच बास घ्या म्हणून मी सांगितलं होतं. एकानं वडिलांकडून हप्त्यानं पैसे घेतलेत. बाहेरच्या महाग ब्रँडच्या मागे लागू नका, आपल्या देशातली कंपनी आहे, माल चांगला आहे, असं मी छातीठोक सांगत होतो. आता त्या पोरांसमोर काय बोलायचं ते मला सुचत नाही. गळा सरळ आहे, फ्रेट नीट बसवलेत, लाकूड वजनदार आहे. बास चांगला आहे, अजूनही म्हणतो. म्हणूनच राग जास्त येतो.

माझी मागणी साधी आहे. एक नेक आणि एक ब्रिज, वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट, पाठवण्याआधी तुमच्याकडे तपासलेले. चुकीचे दोन नग परत न्यायला माणूस पाठवा, कुरिअरचा खर्च मी करणार नाही. हे जमत नसेल तर बास घेऊन जा आणि ३४,५०० रुपये परत करा. आणि वॉरंटी गेलेली नाही, हे लेखी द्या.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस थांबेन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, मला तुमच्या शहरात यावं लागणार नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फीही नाही. तुमचे सगळे ईमेल, "लोकल टेक्निशियन"वाल्या ईमेलसकट, छापून ठेवलेत. दोन्ही पिकअपवर होकायंत्र ठेवून काढलेले फोटो आणि बिलाची प्रत या पत्राला जोडली आहे.

गणपती जवळ आलेत. माझे सात कार्यक्रम ठरलेत आणि सध्या मी मित्राचा बास मागून नेतो.

आपला ग्राहक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर