सरकी काढणाऱ्या यंत्राची दुसरी बाजू

महोदय,

अमेरिकेतील औद्योगिक क्रांती शिकवताना आगबोटी, रेल्वे, ईरी कालवा यांचे कौतुक होते. ते रास्तच, १८२५ मध्ये कालवा खुला झाल्यावर बफेलो ते न्यूयॉर्क मालवाहतूक टनामागे सुमारे १०० डॉलरवरून १० वर आली. पण १७९३ मधील एली व्हिटनीच्या सरकी काढण्याच्या यंत्राबद्दल आपण अर्धेच सांगतो. सरकी झटपट निघू लागली, तरी बोंडे वेचायला हातच लागत. कापसाचा पेरा वाढला, तशी गुलामगिरी फोफावली. १७९० मध्ये सुमारे ७ लाख माणसे गुलाम होती. १८६० मध्ये जवळपास ४० लाख. विदर्भात वेचणीला वाकलेल्या बाया पाहत मी वाढले, म्हणून हा आकडा मनातून जात नाही. मुलांना यंत्राच्या चित्राबरोबर तोही दाखवावा.

– एक निवृत्त इतिहास शिक्षिका, यवतमाळ