फर्मवेअरची राखीव मेमरी : आधी नोंद, मग वाटप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशी प्रोसेसरविषयी वर्तमानपत्रांतून वरचेवर लिहून येते. सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने 'वेगा' घडवला, आयआयटी मद्रासने 'शक्ती'. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेसाठी डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह कार्यक्रम जाहीर केला. या लेखनात भर असतो तो चिप किती नॅनोमीटरची आणि किती वेगाची यावर. बोर्डाला वीज दिल्यावर फर्मवेअर (बोर्डावरच साठवलेले, सर्वांत आधी चालणारे सॉफ्टवेअर) आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) यांच्यात मेमरीचा ताबा कसा बदलतो, हा विषय मात्र कुठेच येत नाही. बोर्ड भरवशाचा आहे की नाही, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते.

सुरुवातीला फर्मवेअर चालते. ते रॅम चालू करते, काही भाग स्वतःकडे ठेवते आणि मेमरीचा नकाशा कर्नलच्या हाती देते. त्यानंतर ते बाजूला होते, पण निघून जात नाही. एसीपीआयची कोष्टके (हार्डवेअर आणि वीज-व्यवस्थेची माहिती), यूईएफआय या नव्या धर्तीच्या फर्मवेअरचा पुढेही लागणारा रनटाइम कोड, सुरक्षित कक्षेत चालणारी छोटी प्रणाली हे सारे त्याच रॅममध्ये राहते. तो भाग कर्नलने मोकळा समजून वाटून टाकला, तर चूक लगेच दिसत नाही. लॅपटॉप झोपेतून उठत नाही, मॉनिटरची केबल जोडली की कुठल्याशा प्रक्रियेचा डेटा बिघडतो, चार दिवसांनी एखादी फाइल खराब निघते. दोष रॅमच्या पट्टीवर जातो, पट्टी बदलली जाते, आणि बिघाड तसाच राहतो.

लिनक्समध्ये बूटच्या सुरुवातीची मेमरी 'मेमब्लॉक' हा कर्नलचा भाग सांभाळतो. त्याच्याकडे दोन याद्या असतात: असलेली मेमरी आणि राखीव मेमरी. पहिलीतून दुसरी वजा केली की जे उरते ते त्याच्या दृष्टीने मोकळे. राखीव यादीत जे अजून नोंदलेच नाही, त्याची त्याला कल्पना नसते. म्हणून कोणते भाग राखायचे हे ठाऊक असून भागत नाही. ती नोंद पहिल्या वाटपाच्या आधी व्हावी लागते. सातबारा न पाहता प्लॉट विकायला काढावेत आणि जुना कब्जेदार नंतर नोंदवावा, असा प्रकार इथे चालत नाही.

तरीही इंटेल-एएमडी यंत्रांच्या लिनक्समध्ये नेमके हेच अनेक वर्षे होत होते. राखीव नोंदी कर्नलच्या सुरुवातीच्या कोडमध्ये विखुरलेल्या होत्या आणि त्यांतल्या काही तर रिअल मोडच्या ट्रॅम्पोलिनसाठी (बाकीचे प्रोसेसर-कोअर जागे करणाऱ्या, तळाच्या मेमरीतच बसाव्या लागणाऱ्या छोट्या कोडसाठी) जागा घेतल्यानंतर होत. नुकसान झाले नाही ते वाटपाच्या दिशेमुळे. मेमब्लॉक एक तर मेमरीच्या वरच्या टोकापासून जागा देई, नाही तर कर्नलच्या प्रतिमेच्या वर. तळाच्या नाजूक भागाकडे तो वळतच नसे. ही दिशा बदलायचे ठरले तेव्हा हा उघडा धोका पुढे आला आणि २०२१ मध्ये या सगळ्या नोंदी एकत्र करून पहिल्या वाटपाच्या आधी आणल्या गेल्या. योगायोगाने सुरक्षित राहिलेल्या कोडचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांला माहीत नाही.

तळाच्या त्या भागात काय असते? बायोस (जुन्या धर्तीचे फर्मवेअर) आपल्या ई८२० नकाशात, म्हणजे कर्नलला दिलेल्या मेमरीच्या यादीत, ज्याला 'राखीव' म्हणतो, तो भाग मुळात उपलब्ध यादीत येत नाही. खरी अडचण नकाशात 'मोकळा' दाखवलेल्या, पण बायोस गुपचूप लिहीत असलेल्या जागेची. ६४० किलोबाइटच्या खाली असे लिहिणारे बायोस माहीत आहेत. विस्तारित बायोस डेटाची जागा १२८ किलोबाइटइतक्या खालीही सुरू होऊ शकते. इंटेलच्या सँडी ब्रिज प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्ससाठी तर पहिल्या मेगाबाइटखेरीज आणखी पाच ठरावीक पेजेस (मेमरीचे छोटे, सारख्या आकाराचे तुकडे) बाजूला ठेवावी लागतात. पूर्वी ६४ किलोबाइट राखण्याची पद्धत होती आणि हा आकडा ४ ते ६४० किलोबाइटपर्यंत बदलता येई. जून २०२१ मध्ये ती तडजोड संपली. आता पहिले ६४ किलोबाइट सुरुवातीलाच राखले जातात, मग ट्रॅम्पोलिनला एक मेगाबाइटच्या आत जागा मिळते, आणि त्यानंतर तो सबंध मेगाबाइट बंद होतो. आजच्या यंत्रावर एक मेगाबाइट गेल्याने कोणाचे काही अडत नाही. निर्णय उत्तम होता.

यूईएफआयमध्ये आणखी एक बारकावा आहे. बूट सर्व्हिसेसची (फक्त बूटपुरत्या फर्मवेअर-सेवांची) मेमरी कर्नलने ताबा घेतल्यावर नियमाने मोकळी होते, पण काही फर्मवेअर आभासी पत्ते ठरवण्याच्या टप्प्यावरही तिला हात लावतात. त्यामुळे लिनक्स तो टप्पा उरकेपर्यंत ती राखून ठेवतो. स्वतःचा बूटलोडर (कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्राम) लिहिणाऱ्यांनी नकाशातील प्रत्येक नोंदीची लांबी फर्मवेअरने कळवलेलीच वापरावी. आपल्या रचनेचा आकार गृहीत धरला, तर दुसऱ्या नोंदीपासून पुढचे सगळे वाचन चुकते.

रिस्क-फाइव्हवर परिणाम अधिक कठोर असतात. तिथे ओपनएसबीआय हे फर्मवेअर यंत्राच्या सर्वोच्च अधिकारात चालते. क्यूईमू या यंत्राची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या 'व्हर्ट' यंत्रावर ते हेक्स ८००००००० पाशी बसते आणि कर्नल सहसा दोन मेगाबाइट वर, हेक्स ८०२००००० पाशी. फर्मवेअरच्या जागेला पीएमपी या प्रोसेसरमधल्या मेमरी-संरक्षण सोयीचे हार्डवेअर कुंपण असते. कर्नलने तिथे नुसते वाचले तरी ॲक्सेस फॉल्ट येतो. म्हणून डिव्हाइस ट्रीमधल्या (कर्नलला हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या रचनेतल्या) राखीव नोंदीला 'नो-मॅप' हा गुणधर्म लागतो. त्याशिवाय ती जागा कोणाला वाटली जात नाही हे खरे, पण कर्नलच्या पेज टेबलमध्ये (पत्त्यांच्या कोष्टकात) तिचा पत्ता राहतो. ओपनएसबीआयच्या काही आवृत्त्यांनी 'नो-मॅप' लावला नव्हता. पुढे कर्नलने रेषीय मॅपिंगमध्ये (रॅमच्या सलग पत्ता-जोडणीत) ती जागाही घेतली आणि हायबरनेशन (मेमरी डिस्कवर उतरवून यंत्र बंद करणे) करताना ती पेजेस वाचायला जाऊन यंत्र कोसळू लागले. २०२३ मध्ये लिनक्सला रिस्क-फाइव्हचे हायबरनेशन 'सर्वत्र चालेल याची खात्री नाही' अशा गटात टाकावे लागले.

बोर्ड बनवणाऱ्यांकडून होणाऱ्या दोन चुका इथे सांगायलाच हव्यात. पहिली: ओपनएसबीआय आपली राखीव नोंद हाती आलेल्या डिव्हाइस ट्रीत भरते, पण पुढचा बूटलोडर डिस्कवरून दुसराच ट्री उचलतो आणि कर्नलला देतो. नव्या ट्रीत ती नोंद मुद्दाम उतरवून घेतली नाही, तर ती गेली. दुसरी: राखीव मेमरीच्या नोडमध्ये (ट्रीच्या त्या फांदीत) पत्ता आणि आकार किती सेलमध्ये, म्हणजे किती घरांत लिहायचा, हे आकडे ट्रीच्या मुळाशी असलेल्या नोडशी जुळले पाहिजेत आणि 'रेंजेस' हा गुणधर्म, रिकामा का होईना, असला पाहिजे. एवढा एक शब्द राहिला तर कर्नल लॉगमध्ये 'अनसपोर्टेड नोड फॉरमॅट, इग्नोरिंग' अशी एक ओळ टाकून तो अख्खा नोड सोडून देतो. बूट मात्र बिनबोभाट होते, आणि ती ओळ कोणी वाचत नाही.

तपासणी अवघड नाही. कर्नलच्या कमांड लाइनवर 'मेमब्लॉक=डीबग' देऊन सिरियल कन्सोलवर लॉग घ्यावा. हा पर्याय वाचला जाण्याआधीच्या नोंदी त्यात उमटत नाहीत, म्हणून नंतर छापली जाणारी पूर्ण यादीही पाहावी. मग रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून 'प्रॉक'खालची 'आयओमेम' ही मेमरीच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल उघडून फर्मवेअरचे पत्ते राखीव दिसतात का, ते ताडावे. साध्या वापरकर्त्याला तिथे नुसती शून्ये दिसतात. शेवटी, मेमटेस्टसह बांधलेल्या कर्नलला 'मेमटेस्ट=४' द्यावे. तो राखीव नसलेल्या सगळ्या मेमरीवर नमुने लिहितो. एखादी नोंद सुटली असेल तर फर्मवेअरचा कोड त्याखाली सापडतो आणि चार महिन्यांनी दिसणारा बिघाड त्याच दिवशी समोर येतो. याच बूटमध्ये पुढे झोप-जाग, हायबरनेशन आणि मॉनिटर काढणे-लावणे करून पाहावे.

सरकारी संस्था आणि विद्यापीठे देशी प्रोसेसरचे बोर्ड घेतात तेव्हा निविदेत हा लॉग आणि 'आयओमेम'ची प्रत मागावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांना तर खर्चही नाही. क्यूईमूकडून त्याचा डिव्हाइस ट्री फाइलीत उतरवून घ्यावा, त्यात दोन मेगाबाइटची एक राखीव नोंद घालावी, बूट करून ती 'आयओमेम'मध्ये शोधावी. मग 'रेंजेस' काढून पुन्हा बूट करावे आणि विद्यार्थ्यांना लॉगमधली ती ओळ स्वतः शोधू द्यावी. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकांत याला एक तास पुरतो.

आपले,
सिस्टिम सॉफ्टवेअर क्षेत्रातील काही अभियंते, पुणे