कान वाहणं अंगावर काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आम्ही तासगावचे. माझ्या आईचा उजवा कान लहानपणी फुटला तो सर्दी झाली की वाहायचाच, मग कापसाचा बोळा आणि आजीचं लसणाचं गरम तेल. चाळीस वर्षं हेच. पडद्याला भोक असताना कानात तेल सोडायचंच नसतं हे घरात कुणाला माहीत नव्हतं. डावाही कमी झाला तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायला ती नातीला किचनमध्ये उभी करायची, आणि आम्ही तिच्यावर ओरडायचो, लक्ष नसतं म्हणून. त्याचं आजही वाईट वाटतं.

गेल्या वर्षी मिरजेला दाखवलं. ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी, काढला, डॉक्टर म्हणाले ऐकण्याची नस चांगली आहे, अडचण मधल्या कानात आहे. आत तीन इवलीशी हाडं असतात, पडद्याचा आवाज ती एकीकडून दुसरीकडे पोचवतात, त्यातलं मधलं हाड झिजलं होतं. ऑपरेशनमध्ये कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचा नवीन पडदा केला आणि झिजलेलं हाड घासून परत मधे बसवलं. नंतर डोक्यावरून पाणी नाही, जोरात नाक शिंकरायचं नाही, ते सगळं तिने पाळलं. तीन महिन्यांनी परत टेस्ट केली तर बराच फरक होता. शंभर टक्के नाही, पण शिट्ट्या आता तीच मोजते.

सगळ्यांचंच असं होत नाही हेही लिहायला पाहिजे. नस गेली असेल तर पडदा बसवून ऐकू येत नाही. आणि घाण वास येणारा पू असेल तर आत हाड खाणारा आजार असू शकतो, तो वाढला तर चेहऱ्याची नस जाते, मेंदूपर्यंत पोचतो, तिथे आधी आजार साफ करणं महत्त्वाचं, ऐकू येण्याचं नंतर बघतात. म्हणून वर्षानुवर्षं नुसते ड्रॉप्स घालत बसू नका, आमच्या आईला एका ठिकाणी तेच दिले, कानात दुर्बीण घालून कुणी बघितलंच नाही.

शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांच्याकडे कान वाहणारी पोरं शिक्षकांनी नाव घेऊन दाखवावीत. मागच्या बाकावरचं हाकेला ओ न देणारं पोर आधी दाखवा.

एक वाचक, तासगाव, जि. सांगली