शिक्षकांचा फॉर्म कोण भरतो, कधी भरतो?

महोदय,

कालच्या पुरवणीतला वेगळ्या जडणघडणीच्या मुलांवरचा लेख वाचला. शाळा, पालक आणि डॉक्टर यांच्यात ‘समन्वय हवा’ हे वाक्य त्यात चार ठिकाणी सापडले. हवाच, नको कोण म्हणतो? पण कोणी कोणाला काय लिहून द्यायचे आणि केव्हा, याबद्दल अवाक्षर नाही. घोडे पेंड खाते ते नेमके तिथेच.

एडीएचडीचेच, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचेच घ्या. ‘डीएसएम-५’ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेच्या निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधी आणि किमान दोन ठिकाणी, उदाहरणार्थ घरी आणि शाळेत, दिसावी लागतात. म्हणून डॉक्टर व्हँडरबिल्टसारखे लक्षणांच्या प्रश्नावलीचे फॉर्म देतात. पालकांचा ५५ प्रश्नांचा, शिक्षकांचा ४३. पालकांचा दवाखान्यातच भरून होतो. शिक्षकांचा जातो मुलाच्या दप्तरातून. वस्तू हरवतो का, हे ज्याच्याबद्दल विचारायचे त्याच्याच दप्तरातून! परत आलाच तर सगळ्या खुणा एका रकान्यात सरळ उभ्या रांगेत, आणि ‘मूल औषधावर असतानाचे हे निरीक्षण आहे का’ हा वरचा प्रश्न कोरा.

या कोऱ्या जागेची किंमत मुलाला मोजावी लागते. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. सकाळी सातला दिलेली गोळी अकराच्या सुमारास ओसरते. फॉर्म भरतात शेवटच्या तासाचे शिक्षक, आणि प्रामाणिकपणे लिहितात, ‘काहीही फरक नाही’. तेवढ्यावर मात्रा वाढते. मग पहिल्या दोन तासांना मूल मख्ख बसते, डबा तसाच परत येतो, वजनाचा काटा हलत नाही आणि पालक वैतागून औषधच बंद करतात. चूक गोळीची नव्हती, तासाची होती. एक सकाळचे आणि एक दुपारचे अशा दोन शिक्षकांनी, मुलाला काही आठवडे पाहिल्यानंतर, तासाची वेळ घालून फॉर्म भरला आणि तो पाकिटातून किंवा ईमेलने थेट डॉक्टरांकडे गेला, तर हे टळते. दोघांचे उत्तर जुळले नाही तर उत्तमच. डॉक्टरांना हवी ती माहिती त्या फरकातच असते.

डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांनाही मोकळे सोडू नये. भलामोठा अहवाल, त्यातली दहा पाने बुद्ध्यांकाच्या तक्त्यांची, आणि शेवटी शिफारस: ‘पहिल्या बाकावर बसवावे’. आवाजाला बिचकणारे स्वमग्न मूल पहिल्या बाकावर बसले की मागे खुर्ची सरकली तरी मान वळवते. त्याला भिंतीकडेची, दारापासून लांबची जागा लागते. वर्गशिक्षकांना एक पान पुरते: काय बिनसते, त्याआधी काय दिसते, तेव्हा काय करायचे, काय अजिबात करायचे नाही. बाकीचे तक्ते डॉक्टरांच्या फाइलीत राहू द्यावेत. कोणते पान शाळेला द्यायचे हे पालकांच्या लेखी संमतीने ठरावे, म्हणजे मुलाचे निदान शिक्षकांच्या खोलीत चघळले जाणार नाही.

शाळेकडून घरी काय येते, तर डायरीतला लाल शेरा: ‘आज पुन्हा त्रास दिला’. यावरून ना पालकांना काही कळते, ना डॉक्टरांना. किती वाजता, लगेच आधी काय घडले, लगेच नंतर काय झाले, एवढे तीन रकाने दोन आठवडे भरले की ‘अचानक भडकतो’ची बोळवण होते. बहुतेकदा कारण निघते ते घंटेचा आवाज, तास बदलताना उडणारा गोंधळ, किंवा न सांगता बदललेले वेळापत्रक. शिक्षकांनी रोज भरून घरी पाठवायचे वर्तनाचे कार्ड ठेवायचे तर उद्दिष्टे तीनच, तीही डोळ्यांना दिसणारी. ‘नीट वागणे’ नव्हे, ‘सांगितल्यावर पाच मिनिटांत वही उघडली’. पहिला आठवडा फक्त नोंद. मग उद्दिष्ट असे ठेवायचे की मूल बहुतेक दिवशी ते गाठेल. बक्षीस त्याच संध्याकाळी, घरी. शाळेतल्या चुकीची शिक्षा घरी दिली की दुसऱ्या दिवसापासून कार्ड हरवू लागते. आणि शिक्षकांना कार्ड भरायला मिनिटभराहून जास्त लागले, तर ते महिनाभरही चालत नाही. पन्नास मुलांच्या वर्गात तो त्यांचा आळस नव्हे.

जाता जाता, लेखाशेजारची ‘तुमचे मूल ओळखा’ ही दहा प्रश्नांची चौकट. पाचपेक्षा जास्त ‘हो’ आले तर ‘लक्षणे आहेत’ म्हणे! शाळेचे मत नाही, किती महिने दिसते ते नाही, झोप, ऐकू येणे, दृष्टी यांची तपासणी नाही. वर ती जांभळ्या पट्टीवर पांढऱ्या बारीक अक्षरांत छापलेली. अशा मुलांच्या पालकांपैकी काहींना स्वतःलाच वाचनाची अडचण असते, हे मांडणी करणाऱ्यांना कोणी सांगितले नसावे. चौकटीची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, आणि काळ्या शाईत.

— एक विशेष शिक्षिका