धानी घास बघून ये: सुहासला पत्र

ऐरोली

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तू पुढच्या महिन्यात सुंदरबनला निघालायस, हे वहिनींकडून कळलं आणि लगेच लिहायला बसलो. होडीतले बाकी सगळे वाघ शोधतील. तू ओहोटीला काठाकडे बघ. खारफुटीच्याही पुढे, नव्याने साचलेल्या चिखलात भातासारखी हिरवी पाती दिसतील. ती भाताच्याच कुळातली. तिकडे त्याला धानी घास म्हणतात. शास्त्रीय नाव ओरायझा कोआर्क्टाटा, जुन्या पुस्तकांत पोर्टेरेशिया.

भरती आली की हे गवत खाऱ्या पाण्याखाली जातं, ओहोटीला पुन्हा वर येतं, आणि तरी जगतं. पातीच्या वरच्या अंगाला उभ्या सऱ्या असतात. त्यांवरची डोळ्यांना न दिसणारी लव आतलं मीठ बाहेर टाकते. आपल्या भाताला हे जमत नाही. तुझ्या आबांचं खारातलं शेत आठव. बांध धड आणि उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, नीट, तोवरच पीक. एकदा खाडीचं पाणी आत शिरलं की दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत हात बांधून बसायचं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी भाताच्या खास जाती काढल्या, पण त्यांनाही बांध लागतोच. धानी घासाला लागत नाही. म्हणून तर फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत त्याचा आयआर ५६ या भाताशी संकर करायची खटपट झाली. आपल्या भाताची गुणसूत्रं २४, याची ४८. हजारो संकर केले तेव्हा कुठे मोजके भ्रूण हाती लागले. इतकं दुरावलेलं नातं आहे हे.

पण मला त्याचं खरं मोल वाटतं ते वेगळ्याच कामासाठी. त्याची आडवी पसरणारी खोडं गाळ धरून ठेवतात, काठ स्थिरावतो, मग तिथे तिवराचं रोप तग धरतं. सुंदरबनात खचलेल्या काठांवर आधी असं गवत आणि मग खारफुटी लावण्याचे प्रयोग झालेत. आधी गवत, मग झाड. आपल्याकडे हा क्रम कुणाच्या ध्यानीमनीही नाही.

आपल्या ठाण्याच्या खाडीचंच बघ. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण लोकांना खाडी म्हणजे रोहित पक्षी आणि तिवरं, एवढंच ठाऊक. तिवरांमागच्या उघड्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी पोचणाऱ्या खाऱ्या दलदलीत, एक बुटकं, टोकदार पात्यांचं गवत जमिनीलगत सरपटत जातं. एल्युरोपस लॅगोपॉइडिस. उन्हाळ्यात त्याच्या पातीवर मिठाचे कण चमकतात. बोट फिरवून जिभेला लाव, खारट लागतं. भरतीत चिखल बुडाला की तुतवारांसारखे पक्षी अशाच उघड्या जागी येऊन थांबतात, कारण तिथून चहूकडचं दिसतं. आणि नेमकी हीच जागा आपल्याला 'रिकामी' वाटते! कुणी तिथे डेब्रिज टाकतं. कुणी चांगल्या मनाने, फोटोबिटो काढत, तिवराची रोपं लावतं. दुसऱ्या प्रकाराने मला जास्त वाईट वाटतं, कारण त्या माणसांना खाडीबद्दल माया आहे. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी जपण्याच्या, नियमांत खारफुटीच्या बरोबरीने खारी दलदल आणि चिखलाचे पट्टेही संरक्षित आहेत. झाड नाही म्हणून ती जागा मोकळी ठरत नाही, हे मी सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतो आणि सांगत राहणार.

तेव्हा माझं एवढं काम कर. धानी घासाचे जवळून फोटो काढ, पातीच्या वरच्या बाजूचा नक्की. उपटू मात्र नकोस, बीसुद्धा आणू नकोस. होडीवाल्या दादांना विचार, नवा चर, म्हणजे गाळ साचून झालेली नवी जमीन, वर आला की त्यावर आधी काय उगवतं, ते गवत गुरं खातात का, आणि कुठल्या काठावरून ते नाहीसं झालं. त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव. जानेवारीत इकडे आलास की ओहोटीची वेळ बघून आपण दोघं खाजणात जाऊ. गमबूट मी आणून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, चिमीला गोड पापा.

तुझाच,
विनय