मटक्याच्या छाप्याच्या बातमीखाली १४४१६ हा हेल्पलाइन नंबर पण छापा

मा. संपादक, स.न.वि.वि.

मटक्याच्या अड्ड्यावर छापा, रोकड आणि मोबाईल जप्त, इतक्या जणांवर गुन्हा, ही बातमी सांगली-मिरज-तासगावच्या पानावर नेहमीचीच झालीय. जुगाराचा कायदा १८८७ चा आहे बरं का, म्हणजे तेव्हापासून आपण छापेच टाकतोय. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, चांगलंच झालं, पण ज्याला नाद लागलाय तो दुसरं ॲप शोधतो नाहीतर परत चौकात मटक्याचा ओपन-क्लोज आकडा लावतो.

आपल्याकडं घरात असं कुणी निघालं की सगळं ठरलेलं असतं. आधी शिव्या, मग देवाची शपथ, मग उसाचं बिल नाहीतर बेदाण्याची पट्टी आली की त्यातनं देणी भागवायची, नाही भागली तर बायकोचे दागिने सोनेतारणला, आणि पोरगा बिनलग्नाचा असला तर कुणीतरी सांगतंच, लग्न करून टाका सुधारंल. (त्या पोरीनं काय पाप केलंय?) देणं फिटलं की गडी मोकळा, मग आधीचं हरलेलं काढायला परत बसतो. हे हरलेलं काढायला बसणं, त्यासाठी खोटं बोलणं आणि रक्कम वाढवल्याशिवाय मजा न येणं ही आजाराची लक्षणं आहेत. होय, आजारच. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये जुगाराला दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्या पंगतीला बसवलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत पण तो आहे. अजून पटत नसेल तर हे बघा, कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) प्रामिपेक्सोलसारख्या काही गोळ्या सुरू झाल्यावर आयुष्यात पत्त्याला हात न लावलेल्या माणसांना जुगाराचा नाद लागल्याच्या नोंदी आहेत, आणि गोळी कमी केली किंवा बंद केली की बऱ्याच जणांचा तो सुटतो पण. आता ह्यात संस्कार कुठं आले?

उपचार आहेत. सीबीटी नावाची बोलून करायची थेरपी असते, त्यात 'आता माझा नंबर लागणारच' असले विचार समुपदेशक एकेक करून तपासायला लावतो आणि पैसे हातात आले, पगार झाला, भांडण झालं अशा वेळी काय करायचं ते आधीच ठरवून घेतो. दारू सोडवायला देतात ती नाल्ट्रेक्सोनची गोळी काही डॉक्टर वापरतात, पण खास जुगारासाठी मंजूर झालेलं औषध अजून नाही त्यामुळं जाहिरातीतल्या पुड्यांच्या नादी लागू नका. घरच्यांनी एटीएम कार्ड, यूपीआय, पासबुक त्याच्याशी बोलून काही दिवस आपल्याकडं घ्यावं, देण्याची पूर्ण यादी एकदाच कागदावर काढावी, आणि उपचार सुरू न करता नुसतं कर्ज फेडू नये, त्यानं पुढच्या डावाला भांडवल मिळतं. आणि एक, कर्ज उघडं पडतं तेव्हा माणूस जिवाचं बरंवाईट करायची भीती जास्त असते, त्या दिवसांत टोमणे बंद आणि त्याला एकटं सोडायचं नाही.

कुठं जायचं? सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जा. तिथं कुणी बघंल अशी लाज वाटत असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

तर संपादक साहेब, मागणी एवढीच की छाप्याच्या प्रत्येक बातमीखाली हा नंबर एका ओळीत छापा. जप्त मुद्देमालाची यादी छापायला जागा मिळते, मग एवढी पण मिळंल.

एक वाचक, तासगाव, जि. सांगली